काकडा

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात शिरलं, की अजूनही माझा हात नकळत गळ्याकडे जातो. सयाजीराव महाराजांनी उभारलेली ती देखणी वास्तू, आणि तिच्या आडोशाला भाजी-फळांचा गजबजाट. १९६४ साली आई मला नि ताईला घेऊन दांडिया बाजारातून तिथं चालत जायची. आई साताऱ्याची, दहा वर्षं बडोद्यात काढूनही तिचं गुजराती भाजीच्या भावापुरतंच.

दिवाळी तोंडावर आली होती आणि माझा घसा धरला होता. माझा आवाज ऐकून नेहमीची भाजीवाली बेन म्हणाली, "छोकराने काकडा थया छे!" आई गोंधळली. कोजागरीपासून आमच्याकडे पहाटेचा काकडा चालू होता. पण पोराला काकडा 'होतो' म्हणजे काय? बेननं गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं लावून दाखवलं. गुजरातीत टॉन्सिल्सना काकडा म्हणतात! हळद-मिठाच्या गुळण्यांचा सल्ला आणि वर आल्याचा तुकडा फुकट मिळाला.

त्या काळी टॉन्सिल्स काढणं जावळ काढण्याइतकं सर्रास होतं. न्यूयॉर्कच्या हजार शाळकरी मुलांची पाहणी १९३४ साली प्रसिद्ध झाली. ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले होते. उरलेल्यांतून डॉक्टरांनी आणखी १७४ निवडले. त्यातूनही सुटलेल्यांना दुसऱ्या, मग तिसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. शेवटी ६५ मुलं वाचली!

खरं तर ही गावच्या वेशीवरची चौकी. नाकातोंडातून येणारे जंतू या गाठींच्या खाचांत अडकतात, आणि त्यांची ओळख पटवून शरीर प्रतिपिंडं तयार करायला शिकतं. हे काम लहानपणी जोरात चालतं; वयात आल्यावर गाठी आपसूक लहान होतात. वर्षात सात-सात वेळा घसा धरू लागला किंवा झोपेत श्वास अडू लागला, तरच कापण्याचा विचार करावा, असं आता मानतात.

आमच्या डॉक्टरांनीही कापायला नकार दिला. पुडी देऊन एवढंच बजावलं, "दहा दिवस पुरे करा." मी पुरे केले. पाठोपाठ ताईचा घसा धरला. तिचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, म्हणून उरलेल्या गोळ्या 'पुढच्या वेळेला' म्हणून ठेवून दिल्या. काटकसरीचं घर होतं आमचं.

तीन आठवड्यांनी ताईचे गुडघे सुजले. घशातल्या जंतूंशी लढायला शरीरानं उचललेलं हत्यार कधी कधी स्वतःच्याच सांध्यांवर नि हृदयावर उलटतं. तिच्या हृदयाची झडप कायमची बिघडली. जिना चढताना ती मध्येच थांबायची, आणि आम्ही तिला 'हळूबाई' म्हणून चिडवायचो.

आई गेल्यावर देव्हाऱ्याचा खण आवरताना ती पुडी सापडली. काकड्याच्या वातींखाली, जपून ठेवलेली.

यंदा नातवाचा घसा धरला. दोन दिवसांत बरा होऊन पोरगं अंगणात पळालं. दहाव्या दिवशीची शेवटची गोळी मी स्वतः त्याच्या हातावर ठेवली, आणि तो गिळेपर्यंत समोरून हललो नाही.