चार तारांचे मोल

आमच्या बेळगावच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात एक तंबोरा खोळ घालून गेली एकवीस वर्षे उभा होता. तो आईचा. तिच्या पश्चात दर दसऱ्याला खोळ उतरवावी, हळदकुंकू लावावे, झेंडूचे फूल वाहावे आणि पुन्हा खोळ चढवावी, एवढाच त्याचा आणि आमचा संबंध उरला होता. गेल्या वर्षी मात्र दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या एका गृहस्थांनी तो विकत मागितला. घोडी हस्तिदंती दिसते, खुंट्या मूळच्या आहेत, तेव्हा काही एक न बदलता जसाच्या तसा द्या, किंमत तुम्ही सांगाल ती, असे त्यांचे म्हणणे. आणि चारच दिवसांनी अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, निरोप आला : ‘मला पुन्हा गायला बसायचं आहे. आईचा तंबोरा तेवढा लावून आण.’

आई काळी पाचमध्ये गायची. अक्का आता अडुसष्ट वर्षांची. तिचा आवाज उतरून काळी तीनवर आला आहे. वरच्या स्वरासाठी घातलेल्या तारा इतक्या खाली उतरवल्या तर सैल पडतात आणि तंबोरा बोलत नाही, तो नुसता फडफडतो. म्हणजे तारा बदलणे आले, जवारी नव्याने काढणे आले, कदाचित घोडीही बदलणे आले. तंबोरा विकायचा नाही, हे माझे ठरले होते. परंतु आईचा हात लागलेल्या वस्तूवर परक्याची कानस फिरावी, हेही मनाला रुचत नव्हते. अशा द्विधा मनःस्थितीत, तंबोरा दोन रजयांत गुंडाळून, मी मिरजेची गाडी धरली.

सोबतीला अक्काचा मुलगा होता. हा माझा भाचा मडगावला नोकरी करतो आणि रात्री लग्नसमारंभांतून वाद्यवृंदात बास गिटार वाजवतो. त्या वाद्याविषयी माझे ज्ञान ‘गिटारीचा थोरला भाऊ’ यापलीकडे नव्हते. घटप्रभा मागे पडली, उसाचे मळे सुरू झाले, आणि त्याने आपली कर्मकथा सांगायला आरंभ केला. त्याने एक जुनी बास गिटार पुष्कळ पैसे मोजून घेतली होती. विकणाऱ्याने ती ‘अस्सल, जशी कारखान्यातून निघाली तशी’ म्हणून विकली. पुढे एका जाणत्याने उघडून पाहिली, तो तारा पिळायच्या किल्ल्या बदललेल्या, घोडी बदललेली, आतली वायरिंग नवी आणि लाकडावरचा रंगही दुसऱ्यांदा दिलेला निघाला.

‘वाजते कशी?’ मी विचारले.

‘वाजते उत्तम, मामा. पण बाजारात तिला आता निम्मी किंमत.’

मला हे कोडे वाटले. वाद्य उत्तम वाजते आणि तरी त्याचे मोल निम्मे! मग रायबागपर्यंत त्याने मला त्या वाद्याचे शरीरशास्त्र शिकवले, आणि मुख्याध्यापकाने विद्यार्थी होऊन ते ऐकले. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन’ नावाची बास गिटार बाजारात आणली. तोपर्यंत खर्जाची बाजू माणसाच्या उंचीचे, बिनपडद्यांचे अवजड वाद्य सांभाळीत असे. फेंडर यांच्या गिटारीला सतारीसारखे पडदे होते, म्हणून स्वर नेमका लागे. तिच्या नावाचा अर्थही ‘नेमकेपणा’ असाच आहे. तिला चार तारा, आणि घोडीपासून गळ्याकडच्या पट्टीपर्यंत तारेची लांबी चौतीस इंच. तारेखाली चुंबकांभोवती तांब्याची केसासारखी बारीक तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते, तिला ‘पिकअप’ म्हणतात. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उमटतो आणि तोच पुढे ध्वनिवर्धकातून गर्जतो.

‘मग नादावर सर्वांत अधिक परिणाम कशाचा?’

‘बोटांचा. त्यानंतर तारांचा आणि पिकअपचा. तो घोडीच्या जवळ बसवला तर नाद कणखर, गळ्याकडे सरकवला तर गोल. वाकवलेल्या पत्र्याची घोडी काढून पितळेची जड घोडी बसवली की स्वर लांबतो म्हणतात, पण खरं सांगू? फरक असतो तो बेताचाच. किल्ल्या चांगल्या असल्या तर सूर उतरत नाही, एवढाच त्यांचा गुण. आणि जुन्या गिटारीचा रंग खरवडून नवा दिला तर नाद फारसा बदलत नाही, पण किंमत धाडकन उतरते.’

म्हणजे नाद आणि किंमत यांचे तराजू वेगळे आहेत, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्याने दोन वादकांची उदाहरणे दिली, तीही मार्मिक. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांत जेम्स जेमरसन यांचा खर्ज आहे. ते गुळगुळीत पट्टीने मढवलेल्या तारा वापरीत आणि तुटल्याखेरीज कधी बदलीत नसत. तारांवर साचलेल्या मळातच आपला नाद आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. दुसरे जॅको पास्टोरियस. त्यांच्या १९६२ च्या फेंडर गिटारीचे सारे पडदे काढून टाकलेले होते. खाचा भरून, होड्यांना देतात तसल्या रेझिनचा कठीण थर पट्टीवर चढवलेला होता. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही वाद्याची नासधूस. पण १९७६ साली त्यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका आली, आणि त्या बिनपडद्यांच्या गिटारीतून मींड काढणारा, गाणारा खर्ज ऐकून जगभरचे वादक थक्क झाले. एकाने काहीच बदलले नाही, दुसऱ्याच्या वाद्यात ओळखीचे फारसे काही उरले नाही, आणि दोघांचाही नाद अजरामर झाला. योगायोग असा की दोघांचीही वाद्ये चोरीला गेली. पास्टोरियस यांचे मात्र त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी सापडून कुटुंबाच्या हाती आले.

कुडचीनंतर कृष्णेचा पूल आला. भाच्याने बोलणे थांबवले आणि आम्ही दोघांनी नदीला हात जोडले.

मिरजेत उतरणाऱ्या माणसाला पूर्वापार दोन कारणे असतात, एक प्रकृती आणि दुसरे गाणे. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी येथे मिशनचे रुग्णालय काढले, तेव्हापासून दक्षिणेकडचे रोगी इकडे येत आले. गाण्याचा इतिहास त्याहून जुना. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी दारूकामाने अधू झाली, ते उपचारासाठी मिरजेस आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली गवई होऊन बाहेर पडले. वाद्यांची कथा याहून विलक्षण आहे. संस्थानी काळात येथे शिकलगारांची घरे होती. तलवारी-भाल्यांना धार लावणे हा त्यांचा धंदा. इंग्रजी अंमलात शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा त्यांच्यापैकी फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंबोरे-सतारी घडवायला प्रारंभ केला. पात्याला धार काढणारा हात घोडीला जवारी काढू लागला. आज सतारमेकर गल्लीत त्या परंपरेची दुकाने आहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

गल्लीत पाऊल टाकताच ताज्या लाकडाचा आणि लाखेचा वास येतो. छताला भोपळे टांगलेले. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला शेतात पिकतात. खाण्याचे नव्हेत, ते कडू असतात. वाळवून, कापून, भिजवून, आत काठ्यांचा ताण देऊन त्यांना आकार आणावा लागतो. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. ज्या वृद्ध कारागिरांकडे आम्ही गेलो, त्यांना गल्लीत सगळे चाचा म्हणतात. त्यांनी रजई सोडली, तंबोरा आडवा मांडीवर घेतला आणि भोपळ्यावर बोटाने टिचक्या मारीत पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मी आधीच बजावले : ‘चाचा, आईची वस्तू आहे. शक्यतो मूळचे काही काढू नका.’

त्यांनी तारा उतरवल्या, घोडी उचलली, तबली दिव्याखाली धरली आणि मला जवळ बोलावले.

‘गुरुजी, हे बघा.’

तबलीच्या पॉलिशवर घोडीच्या पायांचे ठसे उमटले होते, आणि ते दोन जोड होते! एक आताच्या घोडीचा, दुसरा त्याहून रुंद.

‘ही घोडी मूळची नाही. आधीची मोठी होती. आणि हे हस्तिदंत नव्हे, हाड आहे. पिवळं पडलंय म्हणून तसं दिसतं. अहो, हिच्यावर चार-पाच वेळा तरी जवारी काढलेली आहे. तुमच्या आई गात होत्या ना? मग त्यांनी बदललीच असणार. गाणाऱ्याची घोडी झिजतेच.’

मी अवाक् झालो. जिला आम्ही दसऱ्याला फूल वाहत होतो ती ‘मूळची’ वस्तू आईने स्वतःच केव्हातरी बदलून घेतली होती! मग आठवले, लहानपणी दर दोन-तीन वर्षांनी आई एकटीच मिरजेला जाऊन येई आणि येताना आमच्यासाठी बत्तासे आणी. ती कशासाठी जात होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

जवारी म्हणजे काय, हे चाचांनी बोलण्यापेक्षा हातानेच अधिक समजावले. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला डोळ्याला न जाणवणारा उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर अलगद घासत राहते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर फुलतात. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो तो यामुळेच. तार जेथे छेडल्यास एखादा उपस्वर शास्त्राप्रमाणे उमटूच नये, तेथे छेडूनही तंबोऱ्यात तो उमटतो, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले आणि त्याचे श्रेय या रुंद घोडीला दिले. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवीत गेले की एका जागी नाद एकाएकी उघडतो. धागा गव्हाभर इकडे की नाद बंद, तिकडे की कर्कश.

‘बदलायचं काय आणि ठेवायचं काय, ते कसं ठरवता?’ भाच्याने विचारले. तो प्रश्न अर्थातच स्वतःच्या गिटारीसाठी होता.

चाचा म्हणाले, ‘भोपळा, तबली, दांडी हे शरीर. त्याला हात लावायचा नाही. तबली वाळून वाळून पक्की झालेली असते, तिच्यावर चकाकीसाठी जाड पॉलिश चढवलं की ती मुकी होते. तार, सूत, घोडी हे अन्नपाणी. ते संपणार, पुन्हा द्यावं लागणार. उपाशी ठेवून कुणी जपतं का?’

नवी घोडी कशाची, हा प्रश्न उरला. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांचा व्यापार आता कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच झाले. हाडाची घोडी तेजस्वी बोलते, आबनुसाची मृदू. अक्काचा उतरलेला, थोडा पिकलेला आवाज आठवून मी आबनूस सांगितले. एका गोष्टीची मात्र चाचांनी आपणहून खबरदारी घेतली. काढलेली घोडी पुसून, कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हाती दिली. ‘काढलेलं टाकायचं नसतं,’ ते म्हणाले. भाचा हसला. जुन्या गिटारीचे काढलेले भाग पेटीत जपून ठेवावेत म्हणजे तिचे मोल राहते, असा त्यांच्या बाजारातही दंडक आहे म्हणे.

काम दुसऱ्या दिवसावर गेले. संध्याकाळी आम्ही ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. १९३७ साली प्रवासात असताना देहावसान पावलेले अब्दुल करीम खाँसाहेब तेथे विसावले आहेत. दर उरुसाला गवई येऊन त्यांच्या स्मरणार्थ गातात. किराणा घराण्याचे ते स्वर सवाई गंधर्वांच्या द्वारे हुबळी-धारवाडकडे गेले, ते याच लोहमार्गाच्या आसऱ्याने, असे मला वाटून गेले. खाँसाहेब जवारीचे मोठे जाणकार होते, असे जुनी माणसे सांगतात. गाणारा माणूस वाद्याला देव्हाऱ्यात ठेवीत नाही, त्याला तो नित्य हाताळतो, हे तेथे बसल्यावर मला पटले.

सकाळी चाचांनी तंबोरा काळी तीनमध्ये लावून समोर ठेवला. पंचम, दोन जोड, खर्ज. त्यांनी एकवार बोट फिरवले आणि एकवीस वर्षांची खोळ जणू त्या वेळी खऱ्या अर्थाने उतरली. हा आईच्या वेळचा नाद होता का? नव्हता. तो खालचा होता, गडद होता. पण तो तंबोऱ्याचा नाद होता, कोपऱ्यातल्या वस्तूचा नव्हे.

परतीच्या गाडीत भाच्याने खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहू लागला. विचारले, तर म्हणाला, ‘मामा, मूळचे भाग शोधत हिंडायचा विचार सोडला. वाजतेय तशी वाजू दे. पण काय काय बदललेलं आहे त्याची यादी करून पेटीत ठेवतो. उद्या मी विकली तर घेणारा माझ्यासारखा फसायला नको.’

बदल हा दोष नव्हता, दोष होता तो बदल लपवण्यात. इतकी वर्षे शाळेत मुलांना जे सांगत आलो, ते माझ्या भाच्याने एका यादीत सांगितले. घरी आल्यावर मीही एका चिठ्ठीवर घोडी, तारा आणि तारीख यांची नोंद केली, जुनी घोडी तिच्यासोबत बांधली आणि ती पुरचुंडी खोळीच्या खिशात ठेवली. संग्राहक गृहस्थांना नम्रपणे नकार कळवला. घोडी हाडाची होती, हेही कळवले.

अक्का तंबोरा मांडीशी घेऊन बसली. तिने डोळे मिटून तारा छेडल्या, षड्ज लावला, तो थोडा हलला, मग स्थिरावला. मी दाराशी उभा होतो. गंधार मला स्पष्ट ऐकू आला.