उभ्या गाडीची थरथर

आमच्या वडिलांनीं 1986 सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी अद्यापि आमच्या दाराशीं उभी आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीच्या टॅक्सीनें 30 ऑक्टोबर 2023 रोजीं निरोप घेतला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं तिचे मृत्युलेख छापले. ते वाचून आम्हीं खिडकींतून बाहेर पाहिलें, आणि जिवंत माणसावरची श्रद्धांजली त्याच्याच समोर वाचल्यासारखें वाटून थोडे ओशाळलों.

परंतु गेल्या थंडींत तिच्याविषयीं आमचाही धीर सुटला. सकाळीं चोक ओढून आठ-दहा वेळां किल्ली फिरवावी, तेव्हां कोठें ती नाइलाजानें जागी होई. पुढें पुढें तर सिग्नलला उभी राहिली कीं हुडहुडी भरल्यासारखी थरथरे, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढतांच बंद पडे. मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं तिच्यांत बसणेंच सोडलें. नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ जवळ आली होती. चिरंजीवांनीं एक भंगारवाला पाहून ठेवला. येत्या रविवारीं तो येणार होता.

आम्ही तर्कशास्त्राचे अध्यापक. जॉन स्टुअर्ट मिलनें 1843 सालच्या आपल्या ग्रंथांत कारण शोधण्याच्या ज्या रीती सांगितल्या, त्या आम्ही कित्येक वर्षें विद्यार्थ्यांना शिकवीत आलों आहों. दोन प्रसंग इतर सर्व बाबतींत सारखे असावे, फरक एकाच गोष्टीचा असावा, म्हणजे परिणामांतील भेदाचें कारण त्या गोष्टींत शोधावें. ही व्यतिरेकाची रीत आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिली असेल, याची गणतीच नाहीं.

आणि गाडीच्या बाबतींत काय केलें? एका शनिवारीं गॅरेजमध्यें नेऊन कार्ब्युरेटर उघडवून साफ करविला, चारही प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला आणि बॅटरीही नवी बसविली. गाडी थोडी लवकर सुरू होऊं लागली. पण यांपैकीं कशामुळें, हें सांगणें ब्रह्मदेवालाही शक्य नव्हतें. थरथरीचें खापर आम्हीं इथेनॉलवर फोडलें. पेट्रोलमध्यें आतां 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. तें ओल शोषून घेतें आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना मानवत नाहीं, ही गोष्ट खरी. पण खरी गोष्ट आणि प्रस्तुत गोष्ट यांत अंतर असतें, हेंही आम्हीच वर्गांत शिकवितों.

शुक्रवारीं, केवळ मनाच्या समाधानासाठीं, वडिलांच्या वेळच्या वृद्ध मिस्त्रींना बोलाविलें. बॉनेट उघडण्यापूर्वीं त्यांनीं पायरीवर बसून चहा घेतला आणि प्रश्न विचारले. गार असतांनाच त्रास होतो, कीं तापल्यावरही? वेगांत कशी चालते? चोक थोडा ओढून ठेवला तर? आम्हीं सांगितलें कीं, रस्ता मोकळा मिळाला म्हणजे ती झकास पळते, आणि चोक थोडा ओढला कीं उभी असतांही शांत राहते. मग त्यांनीं विचारलें, "सर, थरथर आधींपासून होती, कीं कार्ब्युरेटर उघडल्यापासून?"

आम्ही निरुत्तर झालों. त्याच शनिवारीं संध्याकाळीं ती पहिल्यांदा सिग्नलला बंद पडली होती.

मिस्त्रींनीं गाडी सुरू केली, रबरी नळीचें एक टोक कानाशीं धरलें आणि दुसरें कार्ब्युरेटरच्या बुडाशीं फिरविलें. एका जागीं त्यांचा हात थांबला. तेथें सफाईच्या द्रवाचा जरासा फवारा मारतांच इंजिनाचा आवाज बदलला. "इथून वारा पितेय," ते म्हणाले. कार्ब्युरेटर परत बसवितांना जुनेंच गॅस्केट घातलें गेलें होतें, आणि तें एका कडेला फाटलें होतें. पेट्रोलच्या एका भागाला वजनानें सुमारें 15 भाग हवा, असें मिश्रणाचें प्रमाण असतें. गाडी उभी असतांना हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते, म्हणून चोरवाटेनें आलेली थोडी हवाही हें प्रमाण बिघडविते. वेगांत हवेचा लोट मोठा. त्यांत ही चोरी पचून जाते. चोक ओढला कीं पेट्रोलचा वांटा वाढतो, म्हणून ती शांत होई. सर्व पुरावा आमच्याच तोंडीं होता. विचारणारा तेवढा भेटला नव्हता.

गॅस्केट बदलून त्यांनीं गाडी पुन्हां चालवून पाहिली. थरथर गेल्याची खात्री झाल्यावरच ते मूळच्या दुखण्याकडे वळले. डिस्ट्रिब्युटरचें झांकण काढून त्यांनीं पॉइंट दाखविले. त्यांच्या तोंडांना खळगे पडले होते. स्टार्टर फिरतांना बॅटरीचा बहुतेक जोर तोच खातो. उरलेल्या जोरावर असल्या पॉइंटांनीं ठिणगी कशी द्यावी? नव्या बॅटरीनें दुखणें बरें केलें नव्हतें, नुसतें झांकलें होतें. नवे पॉइंट बसले, त्यांच्यामधील फट मापून झाली, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या गारठ्यांत गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

त्या रात्रीं मात्र आम्हांला झोप लागली नाहीं. चार वर्षांपूर्वीं वडील आजारी पडले, तेव्हां आम्हीं आठवड्याभरांत तीन डॉक्टर केले, आहार बदलला, खोली बदलली, नवीं औषधें आणलीं. सर्व प्रेमापोटींच केलें. ते एकदां म्हणाले होते, "अरे, मला आधीं काय होत होतें, तें तरी ऐक." आम्हीं त्यांच्या अंगावरची शाल सारखी केली आणि फोन घ्यायला बाहेर गेलों. ऐकलें असतें तर ते वांचले असते, असें आम्ही म्हणत नाहीं. वय शहाऐंशी होतें. पण ऐकलें नाहीं, एवढें खरें.

रविवारीं भंगारवाला आला. त्याला चहा दिला आणि गाडी विकावयाची नाहीं म्हणून सांगितलें. जातां जातां त्यानें विचारलें, "साहेब, चालू तरी आहे का ही?" आम्हीं किल्ली फिरविली. ती उभ्या जागीं, एका लयींत, शांतपणें चालूं लागली. तो निघून गेल्यावरही आम्हीं बराच वेळ ती बंद केली नाहीं.