अठरा सेकंद

एका गुणाने हरलेल्या मॅचचं पोस्टमॉर्टेम आमच्या गावात आठ वर्षं चालू आहे. त्यातला एक साक्षीदार आजवर गप्प होता. तो मी.

दिवाळीत गावी जायचं म्हणजे माझ्यासाठी दोन गोष्टी ठरलेल्या. आईच्या हातची शेंगाची चटणी आणि एसटी स्टँडजवळच्या टपरीवर १४-१३ ची चर्चा.

आमचं गाव परंडा. पुण्यातल्या मित्रांना सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "हे कुठं आलं रे?" मग मी टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी असं नकाशावर बोट फिरवत नेतो. इतिहास आवडणारा कुणी असेल तर सांगतो, की विजापूरला जी मुलूख मैदान तोफ बघायला तुम्ही जाता ना, ती आधी आमच्या किल्ल्यावर होती. तोफ गेली, किल्ला राहिला. आता त्या किल्ल्याच्या आसपास पोरं खेळतात. आणि खेळतात म्हणजे क्रिकेट असणारच, पण आमच्या जिल्ह्याचं खरं वेड खो-खो. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कॅप्टन सारिका काळे आमच्याच जिल्ह्याची, तेव्हाच्या उस्मानाबादची. तिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या टपरीवर फुकट चहा वाटला होता.

तर १४-१३.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमची टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत फायनलला पोचली होती. मीही टीममध्ये होतो... म्हणजे यादीत होतो. खो-खोत बारा जणांची टीम असते, नऊ खेळतात. मी बारावा. माझं काम म्हणजे पाण्याच्या बाटल्या, स्प्रे आणि घड्याळ. स्टॉपवॉचवालं डिजिटल घड्याळ फक्त माझ्याकडं होतं, हीच माझी क्वालिफिकेशन.

पहिल्या डावात आम्ही आठ गडी मारले, त्यांनी सात. म्हणजे एका गुणाची लीड. दुसऱ्या डावात आमचे फक्त पाच. एकूण तेरा. आता शेवटची नऊ मिनिटं त्यांची. सहा मारले तर बरोबरी आणि जादा डाव, सात मारले तर कप त्यांचा. त्यांनी सहा मारले. शेवटच्या मिनिटाला आमची तिसरी तुकडी मैदानात उतरली. त्यात आमचा सगळ्यात भारी पळणारा गडी होता. पहिल्या डावात त्याने एकट्याने अडीच मिनिटं काढली होती. मिनिटभर टिकणं म्हणजे त्याच्यासाठी चहा पिण्याइतकं सोपं.

आणि तो खांबाजवळ अचानक थांबला. मान वळवून आमच्याकडं बघितलं. मागून हात लागला. शिट्टी. संपलं.

'तो थांबलाच का?' या एका प्रश्नावर आमच्या गावाने आठ वर्षं चहा प्यायलाय.

टपरीवर यंदाही सगळे हजर होते. झेरॉक्सवाला, रिटायर झालेले कंडक्टर काका, आमचा तेव्हाचा कॅप्टन (आता एका फायनान्स कंपनीत वसुलीला आहे) आणि कायम कोपऱ्यात बसणारे दोन शिक्षक. प्रत्येकाची थिअरी ठरलेली.

झेरॉक्सवाल्याची टॉसची. "टॉस हरलो तिथंच मॅच गेली. शेवटची पाळी त्यांना मिळाली. किती मारायचे हे त्यांना माहीत, आपण आंधळेपणानं खेळलो."

कंडक्टर काकांची मटणाची. "आदल्या रात्री कुणी सांगितलं होतं पोरांना तेवढं मटण चारायला? पाच गडीच मारले दुसऱ्या डावात. पोटं जड झालती, पाय कुठनं उचलणार?"

एका सरांची फाऊलची. दुसऱ्या डावात खांबावर आमच्या पोराने सूर मारून गडी टिपला होता, पण त्याआधी पाय मधल्या रेषेपलीकडं गेला म्हणून पंचांनी तो गुण दिला नाही. "तो एक गुण धरा की. १४-१४!"

दुसऱ्या सरांची तुकड्यांची. सगळ्यात भारी गडी तिसऱ्या तुकडीत ठेवलाच का? पहिल्या तुकडीत उतरवला असता तर त्यानं तीन मिनिटं खाल्ली असती, तिसरी तुकडी मैदानात यायची वेळच आली नसती. यावर कॅप्टन दरवर्षी तापतो. "सर, शेवटाला भरवशाचा माणूस लागतो. भरवशाचाच ठेवला होता. तो थांबला, त्याला मी काय करू?"

आणि गाडी दरवर्षी तिथंच येऊन थांबते. टॉस, मटण, फाऊल, तुकड्या सगळं मान्य, पण शेवटी 'तो थांबला'. "लका, तू होतास की तिथं," झेरॉक्सवाला मला म्हणतो. "तू पत्रकार हायेस. तूच सांग, का थांबला असंल?"

मी दरवर्षी खांदे उडवतो.

आता तुम्ही म्हणाल, गावाकडच्या रिकामटेकड्यांचे उद्योग. पण बॉस, आपण ऑफिसात वेगळं काय करतो? क्लायंट गेला, पिच हरलो, की दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स रूम बुक होते. तिथंही टॉस असतो ('बजेटच कमी होतं'), मटण असतं ('टीम आधीच दमलेली होती'), फाऊल असतो ('क्लायंटनं ऐनवेळी ब्रीफ बदललं'). आणि तासाभराने सगळे मिळून एका माणसाकडं बघतात. ज्याच्या हातून शेवटची मेल गेली, तो. हिशेब असा की चौदा गुणांतला प्रत्येक गुण सारखाच असतो, पण लक्षात फक्त शेवटचा राहतो.

बाबांच्या पिढीकडं त्यांची स्वतःची १४-१३ आहे. १९९१ ची रणजी फायनल, वानखेडे. मुंबईला जिंकायला ३५५ हवे होते. सचिन ९६ वर आऊट झाला, वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले, शेवटचा कुरुविला रनआऊट झाला आणि कपिलदेवच्या हरियाणाने मॅच दोन धावांनी मारली. वेंगसरकर मैदानावर रडले होते, हे बाबा आजही कालच बघितल्यासारखं सांगतात. आणि दोष कुणाला देतात? रनआऊटला. साडेतीनशेच्या पुढं गेलेल्या त्या डावात आधी आऊट झालेल्यांची नावं त्यांना पटकन आठवत नाहीत.

माझी गोष्ट मात्र रनआऊटची नाही. घड्याळाची आहे.

शेवटच्या पाळीत साधारण तीन मिनिटं उरली असताना त्यांच्या एका खेळाडूचा गुडघा फुटला. पंचांनी वेळ थांबवली. मी त्या पोराच्या गुडघ्याकडं बघत राहिलो. रक्त बघितलं की माझं असंच होतं. घड्याळ थांबवायचं राहून गेलं. कधीतरी भानावर येऊन बटण दाबलं, खेळ सुरू झाला तसं पुन्हा दाबलं. मला वाटलं दोन-तीन सेकंदांचा फरक असेल.

शेवटी माझ्या घड्याळात नऊ मिनिटं पूर्ण झाली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "संपलं! टाइम संपला!"

तो थांबला. माझ्याकडं वळून बघितलं. हसत होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. 'एक गुण व १६ सेकंद राखून विजय' असं छापलं होतं. माझं घड्याळ शिट्टीच्या वेळी नऊ मिनिटं दोन सेकंद दाखवत होतं. सोळा आणि दोन, अठरा. अठरा सेकंद माझं घड्याळ पुढं होतं. पुढं मास कॉमला गेल्यावर सरांनी विचारलं होतं, की बातमीतल्या आकड्याने कधी अंगावर काटा आलाय का? वर्गात मी हात वर केला नाही.

त्या मॅचनंतर तो प्रॅक्टिसला यायचा कमी झाला. पुढच्या वर्षी आलाच नाही. स्पोर्ट्स कोट्यातून कुठंतरी चिकटायचं असं त्याच्या घरच्यांचं आणि त्याचंही स्वप्न होतं, ते तिथंच राहिलं. मॅचमुळंच राहिलं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. त्या वर्षी त्यांच्या घरी इतर अडचणीही होत्या. पण 'थांबला तो' हे विशेषण त्याला चिकटलं ते चिकटलंच. तो टपरीवर कधी येत नाही.

यावर काही करायचं माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते ४ सप्टेंबर २०२२ ला. अल्टिमेट खो-खोची पहिलीच फायनल, आमच्या पुण्यातच, बालेवाडीला. ओडिशा जगरनॉट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज. मी रूमवर मोबाईलवर बघत होतो. तेलुगू योद्धाज जिंकणार असं वाटत असताना शेवटच्या काही सेकंदांत सूरज लांडेनं स्काय डाइव्ह मारला, तीन गुण, आणि ४६-४५. एका गुणाने! रूममेट नाचत होता आणि मी मात्र हरलेल्यांचे चेहरे बघत बसलो. त्या तेलुगू योद्धाजमध्ये होता प्रतीक वाईकर. पुढं जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, तो भारताने जिंकला तेव्हा कॅप्टन तोच. म्हणजे एका गुणाच्या हारेनंतरही माणसाला पुढची मॅच मिळू शकते. आमच्या पोराला ती मिळाली नव्हती.

यंदा भाऊबीजेच्या सकाळी मी गाडी काढली आणि त्याच्याकडं गेलो. तो दूध संकलन केंद्र चालवतो. सहाला केंद्र उघडायच्या आधी गावातल्या पोरापोरींना खो-खो शिकवतो, हे मला आईकडून कळलं होतं. मी पोचलो तेव्हा कॅनवर झाकणं बसवत होता.

"काय पत्रकार, आज इकडं?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गुडघा, बटण, सोळा आणि दोन. आठ वर्षं मनात घोकलेलं भाषण दीड मिनिटात संपलं.

त्याने कॅन उचलून बाजूला ठेवला. म्हणाला, "माहितीय की. तुझाच आवाज होता. तुझा आवाज वळखत न्हाई व्हय मी?"

"मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलू? शिट्टी पंचाची ऐकायची असती, दोस्ताची न्हाई. चूक माझीच हाय. मी रोज पोरांना हेच सांगतो, शिट्टी वाजंपर्यंत पळायचं."

मला एकदम हलकं वाटलं. हसून काहीतरी बोलणार, तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "ओरडलास त्याचं काय न्हाई रे. एकोणीस वर्षांचा होतास. पण दरवर्षी येऊन टपरीवर बसतोस. ते मला शिव्या घालत्यात, तू च्या पितोस. त्याचं सांग."

त्याचं माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी सॉरी म्हणालो. त्याने मान हलवली, म्हणजे नक्की काय ते मला कळलं नाही. मग एक बाई दूध घेऊन आली आणि तो फॅट मोजायला लागला.

संध्याकाळी टपरीवर गेलो. चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. घड्याळ माझं, आवाज माझा. तो थांबला कारण मी टाइम संपला म्हणालो.

पहिल्यांदाच त्या टपरीवर मिनिटभर कुणी बोललं नाही. रॉकेलचा स्टोव्ह तेवढा भरभरत होता. कॅप्टनची मान खाली. तो चहा अर्धा टाकून उठला, गाडीला किक मारली आणि दूध केंद्राच्या रस्त्याने गेला. आठ वर्षांत तो तिकडं गेला नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे.

मग कंडक्टर काकांनी घसा साफ केला. "पण मी काय म्हणतो, घड्याळ बाराव्या गड्याकडं दिलंच कुणी?"

"सरांनी," एक सर दुसऱ्या सरांकडं बघत म्हणाले.

"मी? मला तर वाटलं, ते तुम्ही दिलं."

झेरॉक्सवाल्याने ग्लास खाली ठेवला. "तुम्ही कायबी म्हणा, आपण टॉस जिंकलो असतो तर शेवटची पाळी आपली असती. मग हा कितीबी ओरडला असता तरी काय बिघडत नव्हतं."

खरंच की, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.