गेरू, 66 टक्के

गेरू आमच्याकडे आली ती चिठ्ठीसकट. डब्याच्या झाकणावर चिकटवलेली: ‘कॉर्न स्नेक. मादी. नॉर्मल. 66 टक्के पॉसिबल हेट अमेल.’ साल 2008. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात रॅलेजवळ राहत होतो, लेक सहावीत होती, आणि कुत्रा नको, मांजर नको म्हणता म्हणता मी सापापर्यंत कशी येऊन पोचले हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्या प्रदर्शनात टेबलामागून टेबलं मांडलेली. तांबड्या डोळ्यांचे केशरी साप, करडे साप, गुलाबी झाक असलेले पांढरे, पट्ट्यापट्ट्यांचे. रंग जंगलापासून जितका दूर, तितका किमतीचा आकडा मोठा. सगळ्यात स्वस्त डबे कडेला. त्यांतल्या एकात ही होती. वर्षाची, करंगळीपेक्षा थोडी जाड, पाठीवर गेरूच्या रंगाचे डाग, प्रत्येक डागाला काळी किनार, पोटावर काळ्यापांढऱ्या चौकटी. त्या भागात रानात सापडणारा कॉर्न स्नेक असाच दिसतो. म्हणून ती नॉर्मल, आणि म्हणूनच स्वस्त.

चिठ्ठीतलं गणित लेकीने पहिल्याच आठवड्यात फ्रिजवरच्या फळ्यावर मांडलं. सापाच्या कातडीत रंगाच्या पेशी तीन प्रकारच्या. काही काळा-तपकिरी रंग तयार करतात, काही पिवळा-तांबडा साठवतात, आणि तिसऱ्या प्रकारच्या पेशींत रंग नसतोच, बारीक स्फटिक असतात. ते उजेड परतवतात. काळा रंग बनेनासा झाला की मागे तांबडा, केशरी आणि पांढरा उरतो, तो अमेल. तांबडा गेला तर उरतो करडा; तो अनेरी. दोन्ही गेले की स्नो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्हींपैकी एक जरी धड असली तरी साप दिसायला साधाच. बिघडलेली एक प्रत मुकाट्याने बाळगणारा तो ‘हेट’.

गेरूचे आईबाप दोघेही हेट होते. अशा जोडप्याच्या चार पिल्लांत सरासरी एक अमेल, दोन हेट आणि एक निव्वळ साधं. अमेल पिल्लू दिसतंच, ते बाजूला काढलं की राहिलेल्या तिघांत दोघं हेट. पण कुठली दोघं, हे बघून कळायला मार्ग नाही. म्हणून तिघांच्याही डब्यावर 66 टक्के. बरेच गिऱ्हाईक हे ‘साप 66 टक्के अमेल आहे’ असं वाचतात. तसं काही नसतं. साप हेट असतो किंवा नसतो; टक्केवारी असते ती विकणाऱ्याच्या न कळण्याची. मला ती चिठ्ठी फार आवडली. विकायला ठेवलेल्या वस्तूवर इतकं स्वच्छ ‘ठाऊक नाही’ लिहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

या सगळ्या प्रकाराची सुरुवात आमच्याच राज्यातली, हे वाचून लेकीला कोण आनंद! 1953 साली नॉर्थ कॅरोलायनाच्या रानात एक अमेल नर सापडला. तो पुढे बर्नार्ड बेक्टेल यांच्याकडे गेला. हे जॉर्जियातले त्वचारोगतज्ज्ञ. दिवसभर माणसांची कातडी बघायची आणि घरी सापांची. त्या नराची साध्या मादीपासून झालेली पिल्लं सगळी साधी निघाली. पुढच्या पिढीत, 1961 साली, अमेल पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. मेंडेलने वाटाण्यात दाखवलेलं सापात दिसलं. रानात असा केशरी जीव ससाण्याच्या नजरेतून सुटणं कठीण. पेटीत मात्र तो जगतो, आणि जगला की त्याला गिऱ्हाईक मिळतं.

गेरूचं रोजचं जगणं अगदी साधं होतं. दिवसभर सालीच्या तुकड्याखाली, तिन्हीसांजेला बाहेर. रविवार हा जेवणाचा वार. फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी तिच्या उंदरांचा डबा. त्यातला एक गरम पाण्यात ठेवला की वास लागून ती काचेशी येऊन उभी. कात टाकायच्या आधी डोळे निळसर, धुरकट व्हायचे, मग ती कोणाच्या हाताला यायची नाही. मीही पहिले काही महिने तिला हात लावला नव्हता. तो लावायला शिकवलं सासूबाईंनी.

सासूबाई सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याच्या. नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक बघत वाढलेल्या. पुढे वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे ती बंद झाली, त्याबद्दल त्यांची स्वतःची मतं होती आणि ती त्या कोणालाही ऐकवत. इकडे आल्या, पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, ही तर धामणीची धाकटी बहीण. घाबरायचं काय त्यात?’’ बोलता बोलता झाकण काढून हात आत. गेरू मनगटावर चढली, बांगड्यांतून डोकं काढून बसली. धामणीचं नातं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. कॉर्न स्नेकही उंदीर खाऊन राहणारा, आणि त्याच मोठ्या कुळातला. त्या श्रावणात नागपंचमीला त्यांनी सुरी उचलली नाही, तवा ठेवला नाही, पुरणाचे दिंड उकडले आणि पेटीत दुधाची वाटी ठेवली. गेरू वाटीतून सरळ चालत गेली, दूध सांडलं. ‘‘साप दूध पीत नाहीत, ठाऊक आहे मला,’’ माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, ‘‘शास्त्र म्हणून ठेवायचं.’’

एकदा ती पळालीही. कॉर्न स्नेक पाळणाऱ्या बहुतेकांच्या घरी हे एकदा तरी होतंच. डिशवॉशरच्या मागच्या उबेला सापडली, धुळीने माखलेली आणि अतिशय खूश.

पिल्लांची गोष्ट 2013 मधली. लेक आता शेवटच्या वर्षाला होती आणि शाळेच्या प्रकल्पासाठी तिला 66 टक्क्यांचा सोक्षमोक्ष लावायचा होता. थंडीत दोन महिने गेरूचं खाणं थांबवून तिला गारव्यात ठेवलं, वसंतात ओळखीच्या एका गृहस्थांचा अमेल नर आणला. गणित सोपं. नराकडे काळ्याची धड प्रत नाहीच. गेरू हेट असेल तर साधारण निम्मी पिल्लं अमेल. नसेल तर एकही नाही. जूनमध्ये ओल्या शेवाळाच्या डब्यात तिने चौदा अंडी घातली. कोंबडीच्या अंड्यासारखं कडक कवच नाही, चामड्यासारखं मऊ, आणि सगळी एकमेकांना चिकटलेली. दोन बुरशीने गेली. उरलेल्या बारांना साधारण 28 अंश सेल्सियसच्या उबेत दोन महिने लागले. मग एके सकाळी एका अंड्याला चीर, चिरेतून एक नाकाडं. पिल्लू तसंच तासन्‌तास बसून राहतं, डोकं बाहेर, बाकीचा देह आत, घाई कसलीच नाही.

बारा पिल्लं. एकही अमेल नाही. हेट आईपोटी असं होण्याची शक्यता 4096 मध्ये एक, म्हणजे गेरू तिघांतली तिसरी, न बाळगणारी. पण बारांत तीन पिल्लं करडी होती. तांबड्याचा मागमूस नाही, काळं आणि राखी अंग. तिन्ही अनेरी! आणि अनेरी व्हायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक इकडची, एक तिकडची. गेरूच्या चिठ्ठीत अनेरीचा उल्लेख नव्हता, नराच्या मालकालाही कल्पना नव्हती. किती पिढ्या मागून ते येत होतं, कोण जाणे.

सासूबाई त्या उन्हाळ्यात पुन्हा आल्या होत्या. लेकीने सगळं समजावल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या आत्याचे डोळे घारे. तिच्या एकाही मुलाचे नाहीत. आणि नातीचे बघ, थेट तिचेच.’’ लेक म्हणाली, ‘‘आजी, डोळ्यांचं इतकं सोपं नसतं, त्यात बरीच जनुकं असतात.’’ आजी गप्प बसल्या, पटलं नाही म्हणून. दोन वर्षांनी, 2015 मध्ये, जिनिव्हाच्या संशोधकांनी अमेल कॉर्न स्नेकमधलं बिघडलेलं जनुक शोधून काढलं. ओसीए-2. त्या जनुकात एक उपरा डीएनएचा तुकडा घुसून बसलेला, त्यामुळे काळा रंग बनत नाही. हेच जनुक माणसातही आहे. ते बिघडलं की कोड नव्हे, तर एक प्रकारची जन्मजात वर्णहीनता येते, आणि माणसाचे डोळे तपकिरी की निळे हे बऱ्याच अंशी याच जनुकाच्या आसपास ठरतं. लेकीने तेव्हा कॉलेजातून आजीला फोन केला. बरीच जनुकं असतात हे खरंच होतं, पण आजी अगदीच वाट चुकली नव्हती, एवढं तिने कबूल केलं.

पण हीच लपून येण्याची रीत रंगाखेरीज दुसऱ्या गोष्टींनाही लागू असते. कॉर्न स्नेकमध्ये ‘सनकिस्ड’ नावाचा एक देखणा प्रकार आहे. त्याच्या काही घराण्यांतून ‘स्टारगेझर’ नावाचा दोष पसरला. एक प्रत असलेला साप धडधाकट. दोन प्रती एकत्र आल्या की पिल्लाचा तोल जातो, मान आकाशाकडे वळते, ते पिळवटत उलटं पडतं. दोष ओळखू आल्यावर चांगल्या पैदासकारांनी आपले साप तपासायला मुद्दाम जोड्या लावल्या, दोष निघाला त्या सापांची पैदास थांबवली. बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ प्रकाराचं उलट. तिथे नक्षी देणारं जनुकच डोकं डुलवतं, एकच प्रत पुरते, आणि 2022 मध्ये छपलेल्या स्कॅनमध्ये अशा सापांचा आतला कानच बेढब दिसला. तरी ते विकले जातात, घेतले जातात. नक्षी सुंदर आहे, यात वाद नाही. मला ती बघवत नाही.

गेरूला आम्ही पुन्हा पिल्लं होऊ दिली नाहीत. अंडी घातल्यावर तिची कंबर अशी आत गेली होती की लेकीनेच प्रकल्पाची वही मिटली. पिल्लं दिली. साधी नऊ जायला वर्ष लागलं. करडी तीन एका आठवड्यात गेली. प्रत्येकाबरोबर लेकीने स्वतः चिठ्ठी लिहिली: अमेलसाठी खात्रीचं हेट, कारण बापाकडे देण्याजोगी दुसरी प्रतच नव्हती. 2024 च्या हिवाळ्यात गेरू गेली, सतरा वर्षांची. कॉर्न स्नेकच्या मानाने भरलं वय.

पुढच्या उन्हाळ्यात करड्या पिल्लांपैकी एकाच्या मालकाने फोटो पाठवला. त्याने आपल्या नराला स्नो मादी आणली होती, आणि निम्मी पिल्लं स्नो निघाली होती, गुलाबी-पांढरी, तांबड्या डोळ्यांची. मी तो फोटो शिराळ्याला व्हिडिओ कॉलवर दाखवला.

‘‘ही गेरूची नातवंडं? इतकी गोरी?’’

लेकीने समजावलं, की तांबडं जायला गेरू आणि तिचा नर दोघंही कारण, पण आपल्या बाजूने काळं गेलं ते फक्त त्या नराकडून.

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ‘‘म्हणजे गोरेपण जावयाच्या घरचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता सगळे म्हणतील, बापावर गेली. बारा अंडी उबली ती कुणाची, ते नाही कोणी विचारायचं.’’