बी साइडवरची मुंबई

रॉकच्या पक्क्या रसिकांना संकलनं आवडत नाहीत. अल्बम म्हणजे खरं काम, संकलन म्हणजे कंपनीने गल्ला भरायला विकलेलं उरलंसुरलं. बऱ्याचदा ते खरंही असतं म्हणा! पण बीटल्सचं 'पास्ट मास्टर्स' ऐकलं की हे मत जरा डळमळतं.

१९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये सिंगल वेगळी आणि अल्बम वेगळा असा बीटल्सचा साधारण रिवाज होता. एकदा विकत घेतलेलं गाणं लोकांच्या गळ्यात पुन्हा कशाला मारायचं? त्यामुळे 'हे ज्यूड'सारखं गाणंसुद्धा त्यांच्या मूळ ब्रिटिश अल्बमांवर नाही. १९८७ मध्ये हे अल्बम सीडीवर आले तेव्हा अशी गाणी बाहेरच राहिली. मग मार्च १९८८ मध्ये त्यांतली ३३ गाणी दोन सीडींवर गोळा झाली. आमच्या भागातल्या भाषेत सांगायचं तर अल्बम म्हणजे कोकणची एक्सप्रेस... निडी कधी गेलं कळतही नाही. 'पास्ट मास्टर्स' म्हणजे दिवा-रोहा मेमू. निडीलाही थांबणार, तिथलेही चार जण घेणार.

आणि या गाडीत एक प्रवासी चक्क मुंबईचा आहे. 'द इनर लाइट'.

जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला होता. स्टुडिओ फोर्टमधला, खालच्या रस्त्याची वर्दळ थेट आत ऐकू येणारा. टू-ट्रॅक मशीन भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने आणलं, असं हॅरिसनने नंतर सांगितलं. त्याच दिवसांत तिथेच या गाण्याचं वादन झालं. सरोद आशिष खाँचा, बासरी हरिप्रसाद चौरसियांची. लंडनला जाऊन फक्त आवाज चढवले. मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला ते बाहेर पडलं. लेबलवर वादकांची नावं नव्हती.

बीटल्स आणि भारत म्हटलं की आपण लगेच ऋषिकेशला पोचतो. तिथे त्यांनी गाणी लिहिली, हे खरंच. पण बीटल्सच्या गाण्यात आपल्या वादकांनी आपल्याच शहरात बसून वाजवलेलं ऐकायचं, तर ते इथे आहे. आणि नेमकं तेच कुठल्या मूळ अल्बमवर नाही. फक्त अल्बमच ऐकणाऱ्याला ते भेटणारच नाही.

तेव्हा मंडळी, या शनिवारी दुसरा भाग लावा. अडीच मिनिटांचं गाणं आहे. हेडफोन लावून ऐका, बासरीकडे लक्ष ठेवा.