स्कोलीन देण्याआधी

उसाची ट्रॉली उलटून मणका मोडलेला ऊसतोड मजूर दोनेक महिन्यांनी बेडसोरच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर येतो, तेव्हा स्नायू सैल करणारं स्कोलीन (सक्सिनिलकोलीन) द्यायचं नाही, हे प्रत्येक भूलतज्ज्ञ पाठ करतो. एरवी या औषधाने रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे जेमतेम ०.५ मिलिइक्विव्हॅलंटने वाढतं. इथे ते इतकं उसळू शकतं की मॉनिटरवर टी-लाट टोकदार होते, क्यूआरएस पसरतो आणि हृदय थांबतं. पाठ केलेल्या या नियमामागे गर्भातल्या स्नायूची गोष्ट आहे. नुकत्याच घडलेल्या स्नायूपेशीवर, नसेचा निरोप स्नायूला पोचवणाऱ्या ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर सर्वत्र विखुरलेले असतात. नस येऊन भिडते, ॲग्रिन हे प्रथिन सोडते, आणि तिच्या टोकाखाली चौरस मायक्रोमीटरमागे सुमारे १०,००० रिसेप्टर दाटतात. बाकीचा पृष्ठभाग ओस पडतो. पण ही व्यवस्था कायमची नाही. ॲक्सेलसन आणि थेस्लेफ यांनी १९५९ मध्ये दाखवलं की नस तोडली की अख्खा स्नायू पुन्हा ॲसिटिलकोलीनला दाद देऊ लागतो. लोमो आणि रोझेंथाल यांनी १९७२ मध्ये नस तुटलेल्या स्नायूला थेट विजेचे झटके दिले, तर ही पसरलेली संवेदनशीलता मावळली. म्हणजे नस हलवते म्हणून स्नायू आवरलेला राहतो. हालचाल थांबली की गर्भातल्या घडणीचे, जास्त वेळ उघडे राहणारे रिसेप्टर सगळीकडे उगवतात. ॲसिटिलकोलीन नसेच्या टोकाशीच विरतं. त्याच्यासारखंच काम करणारं स्कोलीन मात्र रक्तातून सगळीकडे पोचतं आणि ही सारी दारं एकदम उघडतं; त्यांतून पोटॅशियम रक्तात लोटतं.

यावर एक आक्षेप भक्कम आहे. २००१ मध्ये दिसलं की चालक नसाच नसलेल्या उंदरांच्या गर्भातही रिसेप्टर स्नायूच्या मधोमध गोळा होतात. मग नसेचं कर्तृत्व काय? आराखडा स्नायूचा, हे मान्य. पण ॲसिटिलकोलीन स्वतःच हे पुंजके विस्कटतं, आणि ॲग्रिन ज्यांना धरून ठेवतं तेवढेच टिकतात. निवड नसेचीच. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: रिसेप्टर न उघडता नुसते अडवणारं रोक्युरोनियम असताना हा खल कशाला? तर त्याच वाढलेल्या रिसेप्टरांमुळे अशा स्नायूवर रोक्युरोनियमचा नेहमीचा डोसही अपुरा पडू शकतो.

नियम नुसता पाठ असला की यादीबाहेरचा रुग्ण निसटतो. पावसाळ्यात धारूर-केजकडे जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या उघडत नाहीत, दुपारपर्यंत तो व्हेंटिलेटरवर. नागाच्या विषात ॲसिटिलकोलीन टिकवून धरणाऱ्या निओस्टिग्मीनने बरेचदा फरक पडतो, कारण ते विष रिसेप्टर अडवतं; मण्यारीचं विष त्यासोबत नसेची टोकंही उद्ध्वस्त करतं, म्हणून प्रतिविष देऊनही दिवसचे दिवस वाट पाहावी लागते. सुरी न लागताही हा स्नायू नसेवाचून पडलेला असतो. आठवड्याने त्याची नळी बदलायची वेळ आली, तर मी स्कोलीन भरणार नाही.