काळ्या-पिवळ्यांचं देणं

वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आजही सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला सुरू होते. लोक मला शाबासकी देतात. तिचे खरे मानकरी आमचे तात्या, आणि तात्यांच्या मागे उभी असलेली मुंबईच्या टॅक्सी लायनीतली हजारो माणसं. त्यांची नावं कुठल्याच गाड्यांच्या प्रदर्शनात कोणी घेत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

तात्या मूळचे वेंगुर्ल्याचे. उभं आयुष्य परळ-दादरला टॅक्सी चालवली आणि उतारवयात स्टँडजवळच्या झाडाखाली हत्यारांची पत्र्याची पेटी घेऊन बसू लागले. गॅरेजात उमेदवारी केलेली नव्हती. गाडी बंद पडली की त्या दिवसाचा धंदा बुडतो, त्या धाकानं शिकलेली विद्या होती ती. वडील गेले तेव्हा आमची गाडी इमारतीच्या आवारात कव्हरखाली पडून होती आणि भंगारवाला भाव सांगून गेला होता. मी तात्यांना नुसतं बघायला बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइलची दांडी ओढून बोटावर तेल चोळलं, वास घेतला. मग म्हणाले, "इंजिन खोलायची गरज नाय. रविवारी येत जाईन. पण पान्हा तुम्ही धरायचा."

आणि खरोखरच त्यांनी पान्हा कधी हातात घेतला नाही. शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि बोलायचे.

पॉइंटचा गॅप त्यांनी शिकवला तो असा. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचं. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हातानं तसूभर पुढे ढकलायची, म्हणजे आतला कॅम फिरतो. त्याचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आला की थांबायचं. आता फटीत फीलर गेजची पाती सरकवायची. गॅप अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला. पाती अडकता कामा नये आणि सैलही जाता कामा नये, ओढताना बोटाला जरासं घासल्यासारखं लागलं पाहिजे. मग स्क्रू आवळायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण आवळताना गॅप हमखास हलतो. "आवळल्यावरचा गॅप खरा," तात्या म्हणायचे. आधीच्या मोजमापाला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. कार्ब्युरेटरच्या जेटचंही तसंच. भोक चोंदलं तर फुंकून मोकळं करायचं, तार कधीही घालायची नाही. तारेनं भोक मोठं होतं आणि गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते.

पत्र्याचं काम मात्र मी डेंटरकडे दिलं. तरी त्याच्याकडे पाठवण्याआधी तात्यांनी रबरी मॅट उचलायला लावली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं सगळी जमीन ठोकून बघायला सांगितलं. जिथे आवाज बसका आला तिथे खडूनं गोल. मुंबईच्या पावसात ही गाडी वरून कमी आणि मॅटखालून जास्त सडते. गंजावर लांबी फासून रंग मारणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग होता. सडका पत्रा कापून नवा वेल्ड केला नाही तर पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात, हे मी नंतर इतरांच्या गाड्यांवर पाहिलं आहे.

तात्या मजुरी घेत. ठरलेली, मोजून. तेवढं ऋण फिटलं.

दुसरं मात्र फिटण्यासारखं नाही. मला क्लच प्लेट, किंगपिनचा सेट, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम हे सगळं मिळालं, ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि तात्यांच्या ओळखीच्या दुकानांत. वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखानाही कुर्ल्यातलाच. १९६४ साली तिथून फियाट ११०० डिलाइट निघू लागली आणि १९७४पासून तीच गाडी पद्मिनी म्हणून ओळखली गेली. दोन हजार सालाच्या आसपास उत्पादन थांबलं. एरवी गाडी बंद झाली की काही वर्षांत तिचे सुटे भागही संपतात. पद्मिनीचे संपले नाहीत, कारण शहरात तिच्या टॅक्सी रात्रंदिवस धावत होत्या. त्यांना रोज पॉइंट लागत, कंडेन्सर लागत, सायलेन्सर लागत. म्हणून छोटे कारखानदार ते बनवत राहिले, दुकानदार ठेवत राहिले आणि मेस्त्रींचा हात चालू राहिला. माझ्यासारख्या हौशी मालकांच्या गिऱ्हाइकीवर एकही दुकान चाललं नसतं. आमचा छंद टॅक्सीवाल्यांच्या पोटापाण्यावर जगला, हे मी ठामपणे म्हणतो.

उन्हाळ्यात घाट चढताना पंप तापून पेट्रोलची वाफ झाली आणि गाडी गप्प बसली, तर पंपावर ओलं फडकं गुंडाळून थोडा वेळ थांबायचं, हीसुद्धा टॅक्सीवाल्यांचीच युक्ती. ती सगळ्या लायनीला ठाऊक होती.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यानं ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. तात्या त्याआधीच गेले. टॅक्सी बंद झाल्यापासून पार्ट मिळणं अवघड होत चाललं आहे आणि पॉइंटला हात लावणारा मेस्त्री शोधावा लागतो.

तुमच्या दारात पद्मिनी उभी असेल आणि ती चालवणं जमत नसेल, तर भंगारात अख्खी देऊ नका. तिची काच, दारं, गिअरबॉक्स दुसऱ्या एखाद्या गाडीला जगवू शकतात; चालवणाऱ्याला विचारा, तो येऊन उतरवून नेईल. आणि तुमच्या भागात लायनीतला एखादा म्हातारा मेस्त्री अजून बसत असेल, तर आपल्या मुलाला किंवा मुलीला एक रविवार त्याच्याजवळ बसवा. मजुरी पूर्ण द्या, आणि पान्हा मुलांच्या हातात राहू द्या.